संसारास योग्य गांव

संसार कोठें थाटावा, या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडील नीतिकारांनीं फार थोडक्यांत देऊन ठेविलें आहे. धनवान् गृहस्थ, श्रोत्रिय, राजा, नदी आणि वैद्य हीं पांच ज्या ठिकाणीं नाहींत, तेथें शहाण्यानें एक दिवसहि राहूं नये, असा चाणक्यनीतीच्या पहिल्या अध्यायांतील एका श्लोकाचा आशय आहे. हा श्लोक आम्ही लहानपणीं पाठ केला, पुढें शिक्षकाच्या नात्यानें मुलांकडून पाठ करवून घेतला. परंतु त्याचा स्वस्थ चित्तानें विचार करण्यास सेवानिवृत्तीनंतरच सवड झाली. आजकाल घरोघरीं हाच वाद चाललेला दिसतो. कर्ता मुलगा पुण्यास किंवा बंगळूरास, वडील माणसें गांवीं, आणि नातवंडें कोठें वाढवावीं याची काळजी दोन्हीकडे. तेव्हां नीतिकारांच्या या पांच कसोट्या आमच्या अहमदनगर शहरास लावून पाहाव्या, असें आमच्या मनानें घेतलें. २०२४ च्या ऑक्टोबरपासून या शहराचें नांव अहिल्यानगर झालें आहे. पण जुन्या संवयीस अनुसरून आम्ही नुसतें 'नगर' असेंच म्हणूं.

प्रथम गांवाची ओळख. पुण्याहून ईशान्येस सुमारें १२० किलोमीटरांवर, सीना नदीच्या कांठीं, उघड्या पठारावर हें शहर वसलें आहे. १७,०४८ चौरस किलोमीटर विस्ताराचा हा जिल्हा महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. पश्चिमेस अकोलें तालुक्यांत कळसूबाईचें शिखर पावसानें न्हाऊन निघतें, तर पूर्वेकडे पाथर्डी-जामखेडच्या बाजूस आभाळाकडे डोळे लावून बसावें लागतें. शहर या दोहोंच्या मध्यें; पण पावसाच्या बाबतींत त्याचें नातें पूर्वेशींच अधिक.

आतां पहिली कसोटी धनिकाची. धनिक म्हणजे केवळ सावकार नव्हे. ज्याच्या योगानें चार घरांच्या चुली पेटतात असा उद्योग, असा अर्थ आम्ही घेतों. नगरचा कापड बाजार जुना व नांवाजलेला. लग्नाचा बस्ता बांधण्यासाठीं बीडकडील मंडळी अजूनहि येथें उतरतात. १९७२ साली निघालेली 'लूना' ही हलकी दुचाकी येथील कारखान्यांत तयार होई. तिच्यावरून महाराष्ट्रांतील किती शिक्षक आणि कारकून आपापल्या कामावर गेले असतील, याची गणती नाहीं. जिल्ह्यांत लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटलांनीं धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्यानें शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचा पहिला हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला, आणि पुढें साऱ्या महाराष्ट्रानें तो कित्ता गिरविला. असें असूनहि या कसोटीस नगर पुरतें उतरत नाहीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. येथें पदवी घेतलेला हुशार मुलगा बहुधा पुण्याच्या गाडींतच बसतो. शिवाय साखरेची एक कडू बाजूहि आहे. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगांवकडील ऊसतोडणीचीं कुटुंबें मुलांबाळांसह घर सोडून निघतात, आणि त्या मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. ज्या जिल्ह्यांत कांहीं मुलांस वर्षाचे सहा महिने घरच नाहीं, त्या जिल्ह्यानें धनाचा गर्व फार करूं नये.

दुसरी कसोटी श्रोत्रियाची, म्हणजे आजच्या भाषेंत शिक्षक, ग्रंथ व विद्येचें वातावरण यांची. याच जिल्ह्यांत नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे सन १२९० त, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या भूमीस विद्येचें निराळें प्रशस्तिपत्र नको. शहरांतील जिल्हा वाचनालय १८३८ सालचें. १८३१ मध्यें अमेरिकन मिशनऱ्यांनीं येथें ठाणें केलें, आणि पुढें मिस फॅरार या बाईंनीं मुलींच्या शाळा चालविल्या. त्या शाळा पाहूनच जोतीराव फुले यांच्या मनानें उचल घेतली व १८४८ मध्यें त्यांनीं पुण्यास मुलींची शाळा काढली. ज्या काळीं आपल्या जातीच्या घरांतून मुलीच्या हातीं पाटी देणें अशुभ समजलें जाई, त्या काळीं नगरच्या गल्लींत मुली धडे घोकीत होत्या, ही गोष्ट आपण नम्रपणें आठवावी. १९४७ मध्यें डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं अहमदनगर महाविद्यालय स्थापिलें, आणि खेड्यांतील मुलांस घराजवळ उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली. या कसोटीस आमचें गांव उतरतें, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

तिसरा राजा. राजा म्हणजे संरक्षण. येथील भुईकोट किल्ला मुलांस दाखवितांना आम्ही लढायांच्या सनावळ्यांपेक्षां दोन घरगुती गोष्टी सांगत असूं. पहिली चांदबिबीची. १५९५-९६ मध्यें अकबराचा पुत्र मुराद यानें वेढा दिला, तेव्हां ती तटावर उभी राहिली ती स्वतःच्या राज्यासाठीं नव्हे, तर आपल्या भावाच्या अल्पवयी नातवासाठीं. दुसरी गोष्ट १९४२ ची. त्या ऑगस्टांत काँग्रेसच्या पुढाऱ्यांस येथें आणून डांबलें. पंडित नेहरूंनीं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ मध्यें येथेंच लिहिला. पण त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मुंबईस त्यांच्या कन्येस पहिला पुत्र झाला, तेव्हां आजोबा या तटाच्या आंत होते. मौलाना आझादांच्या पत्नी १९४३ त कलकत्त्यास निवर्तल्या, आणि पतीस त्यांचें अंतिम दर्शनहि घडलें नाहीं. घरापासून ताटातूट म्हणजे काय, हें त्या भिंतींइतकें दुसरें कोणी सांगणार नाहीं. आजचा राजा लोकनियुक्त आहे. रस्त्यांतील खड्ड्यांविषयीं प्रत्येक नगरकर त्यास रोज दोन शब्द सुनावतो. तरी तिन्हीसांजेनंतर लेकीबाळी शिकवणीहून चालत घरीं येतात, हें त्या राज्याचें श्रेय तितकेंच मान्य केलें पाहिजे.

चौथी नदी, येथें मात्र आमची मान खालीं जाते. सीना ही पावसाळ्यापुरती नदी. इतर ऋतूंत तिला नदी म्हणणें हें औदार्य होय. मलिक अहमद निजामशहानें पंधराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हें शहर वसविलें, आणि निजामशाहीच्या काळांत भोवतालच्या टेकड्यांच्या पायथ्यापासून जमिनीखालून खापरी नळ घालून शहरांतील हौदांत पाणी खेळविण्यांत आलें. चारशें वर्षांपूर्वीं मातीच्या नळांतून पाणी वाहत होतें, आणि आज राहुरी तालुक्यांतील मुळा धरणाचें पाणी शहरांत येऊनहि गृहिणीस नळाच्या वेळेचा हिशेब ठेवावा लागतो. पाणी नसलेलें गांव संसारास योग्य नव्हे, हें तर खरेंच. पण पाणी मिळवितां येतें, याचाहि दाखला आमच्याच तालुक्यांत आहे. शहरापासून पांच-सहा कोसांवर हिवरे बाजार नांवाचें लहानसें गांव आहे. दुष्काळानें गांजून तेथील लोक पोटामागें बाहेर पडले होते. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. गांवकऱ्यांनीं श्रमदानानें डोंगरावर चर खणले, झाडें लाविलीं, शेतीसाठीं विंधनविहिरी न घेण्याचा निर्बंध स्वतःवर घातला, फार पाणी पिणारीं पिकें सोडलीं, आणि दरवर्षीं पडलेल्या पावसाचा जमाखर्च मांडून मगच पेरणी ठरवूं लागले. तेव्हां गेलेलीं कुटुंबें परत आलीं. जेथें पाणी परत आलें, तेथें सुना-नातवंडें परत आलीं. नीतिकारांनीं नदीस त्या पांचांत कां बसविलें, याचा याहून सरळ अर्थ आम्हांस सांगतां येणार नाहीं.

पांचवा वैद्य. गंगाधरशास्त्री गुणे यांनीं १९१७ मध्यें येथें आयुर्वेद महाविद्यालय काढलें, तें अद्याप त्यांच्या नांवानें चालू आहे. मुक्तिफौजेचें बूथ रुग्णालय गरिबांचा आधार म्हणून पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. २०२० च्या महामारींत त्यानें केलेली सेवा नगरकर विसरणार नाहीं. एकंदरींत या कसोटीस गांव बरें उतरतें.

पांचांची बेरीज करतां, विद्या व वैद्य हे दोन चांगले, राजा मध्यम, धन बेताचें आणि नदी उणी, असा निकाल लागतो. या हिशेबानें पुणें नगरापेक्षां सरस ठरतें, आणि आमचे चिरंजीव नेमकें हेंच आम्हांस ऐकवीत असतात. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु नीतिकारांच्या यादींत एक गोष्ट राहून गेली, असें आम्हांस वाटतें. बहुधा त्या काळीं ती इतकी सर्वत्र होती कीं, वेगळी मोजण्याचें कारणच पडलें नाहीं. ती म्हणजे शेजार.

गेल्या मे महिन्यांत आमचा नऊ वर्षांचा नातू पुण्याहून पंधरा दिवसांसाठीं आला होता. पुण्यास तो अकराव्या मजल्यावर राहतो. त्याची शाळा उत्तम, पोहण्याचा तलाव घराखालींच. पण कोठेंहि जावयाचें तर कोणीतरी वडील माणूस व गाडी पाहिजे. येथें पहिले दोन दिवस तो दारांत उभा राहून विचारी, "आजोबा, मीं एकट्यानें जाऊं?" आठव्या दिवशीं तो एकटाच वाचनालयांत जाऊन आला, किराणा दुकानांतून गूळ घेऊन आला, आणि दुकानदारानें "अमक्यांचा नातू ना रे तूं?" असें विचारल्याचें मोठ्या अभिमानानें सांगूं लागला. वाटेंत तो सांडला असता तर उचलणारे दहा हात होते. खोडी केली असती तर आमच्या कानावर घालणाऱ्या वीस जिभा होत्या. मूल वाढतें तें या दोहोंच्या मध्यें. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानेंहि नगराचा आकार ठरवितांना हीच अट घातली आहे कीं, नागरिकांस परस्परांची पारख असावी. साडेतीन लाखांवर वस्ती असलेलें आमचें शहर त्या मापानें फारच मोठें. पण गल्लीच्या मापानें अजून तें लहान आहे.

मात्र शेजार म्हणजे केवळ आपल्या जातीचीं चार घरें, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. नगरांत माळीवाड्यांतील विशाल गणपतीच्या मिरवणुकीपुढें सारें गांव लोटतें, तसेंच येथील मोहरमहि महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे व त्यांत हिंदूंचा हात असतो. मारवाडी, जैन, ख्रिस्ती, सिंधी, तेलुगू बोलणारे पद्मशाली, असे सर्व येथें एकमेकांस लागून राहतात. ज्या मुलानें लहानपणीं शेजारच्या घरचा निराळा देव आणि निराळा स्वयंपाक पाहिला, त्यास पुढें जग परकें वाटत नाहीं. आणि शेजाराची खरी परीक्षा, ज्यांस घर नाहीं त्यांच्याशीं गांव कसें वागतें यांत आहे. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठीं १९८९ मध्यें याच शहरांत 'स्नेहालय' ही संस्था निघाली. त्या मुलांस जवळ घेणारे तरुण याच गल्ल्यांतून वाढले, हें आम्ही नगरचें मोठें भूषण समजतों.

पण हा शेजार कांहीं शिलालेख नव्हे कीं, आपोआप टिकेल. सावेडीकडे नवीं घरें झपाट्यानें उठत आहेत. तीं सुखसोयींनीं भरलेलीं आहेत, परंतु दारें दिवसभर बंद. जुन्या गांवांतील वाडेहि एकामागून एक पाडले जात आहेत. आमच्या घरींहि हा प्रश्न आला. वाडा विकून सर्वांनीं पुण्यास यावें, असें चिरंजीवांचें मत. येथेंच राहावें, असें आमच्या कुटुंबाचें. पुष्कळ चर्चेअंतीं असें ठरलें कीं, वाडा जुना झाला आहे तेव्हां तो पाडून नवा बांधावा, पण रस्त्याकडील ओटा तसाच ठेवावा, त्यापुढें भिंत घालूं नये, आणि नातवंडांनीं प्रत्येक लांब सुटी येथेंच काढावी. चिरंजीव पुण्यासच राहतील. पोटाची गोष्ट आहे, तेथें आग्रह चालत नाहीं. ओट्यासाठीं सोडावी लागणारी जागा पैशांत मोजली तर थोडी नव्हे. पण ती सोडण्यास सूनबाईंनींच प्रथम संमति दिली, हें येथें नमूद करतों.

सर्वांनीं शहरें सोडून लहान गांवीं यावें, असा उपदेश करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यास जेथें अन्न, त्यानें तेथें राहावें. मात्र पुण्यास असो वा परदेशीं, घर घेतांना खोल्या, शाळा व दवाखाना यांबरोबर आणखी एक चौकशी करावी : आपलें मूल या रस्त्यानें एकटें दुकानापर्यंत जाऊं शकेल काय, आणि वाटेंत त्यास नांवानें हांक मारणारें कोणी भेटेल काय? उत्तर नाहीं असें आलें, तर तशी ओळख आपणच जोडण्यास लागावें. खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाकडे एक वाटी भाजी पाठविण्यापासून आरंभ करतां येतो. आणि जे आमच्यासारखे गांवींच आहेत, त्यांनीं पाण्यासाठीं हिवरे बाजारचा कित्ता गिरवावा व संध्याकाळीं घटकाभर ओट्यावर बसावें. इतकें सुचवून वाचकांची रजा घेतों.