पोटातले सख्खे शेजारी

आपल्या घरांत पोटाच्या दुखण्याला नावांचा तोटा नाही. माझ्या बाविशीतल्या भाच्याला आव पडू लागली, तेव्हा त्याच्या आजीने संग्रहणी ठरवली, काकांनी मूळव्याध आणि शेजारच्या वहिनींनी हॉटेलातले खाणे. प्रत्येक नावाबरोबर एक काढा आलाच! रक्तही पडते, हे मात्र त्याने लाजेपायी आठ महिने कोणाला सांगितले नाही. शेवटी मला म्हणाला, "मामा, आईला सांगू नका." दुसऱ्या दिवशी मी त्याला डॉक्टरांकडे नेले.

त्यांनी दुर्बिणीने आतडे पाहिले, तुकडे तपासायला पाठवले आणि म्हणाले, "रोग दोन आहेत. कोणता, ते आधी ठरवू."

पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. हा शिस्तीचा. गुदाशयापासून निघतो नि मोठ्या आतड्यात सलग वर चढतो. सहसा मध्ये जागा सोडत नाही, अस्तराच्या पलीकडेही जात नाही. म्हणून रक्त, आव आणि शौचाची सारखी घाई.

दुसरा क्रोन्स. हा भटक्या! तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही बिऱ्हाड करतो. इथे सूज, पुढे चार बोटे निरोगी आतडे, पुन्हा सूज. आवडती जागा लहान आतड्याचे शेवटचे टोक. हा भिंतीच्या आरपार जातो; म्हणून आतडे अरुंद होते, भगंदर होते, वजन उतरते. रक्त दिसेलच असे नाही. १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर या डॉक्टरांनी त्याचे वर्णन छापले. वर्णानुक्रमात क्रोन पहिले, म्हणून रोगाला त्यांचेच नाव चिकटले.

आपल्याकडे आणखी एक सोंगाड्या आहे, आतड्याचा क्षय. तो त्याच टोकाशी बसतो आणि क्रोन्ससारखाच दिसतो. क्रोन्सवरची काही औषधे शरीराची प्रतिकारशक्ती दाबतात. क्षयावर तीच दिली तर क्षय भडकतो. म्हणून नावाची घाई डॉक्टर करीत नाहीत.

या भेदावर पुढचे आयुष्य ठरते. कोलायटिस औषधांना दाद देईनासा झाला, तर सगळे मोठे आतडे काढल्यावर आतड्यातला रोग संपतो. क्रोन्सचा भाग कापला तरी तो जोडापाशी पुन्हा उगवू शकतो. सिगारेटीने तर तो अधिकच चेकाळतो.

भाच्याचा निघाला कोलायटिस. बहिणीने विचारले, "बरा होईल ना?" डॉक्टर म्हणाले, "ताई, मुळासकट जाईल असे औषध नाही. पण ताब्यात राहील." आज तो गोळ्या घेऊन वेळेवर कचेरीत जातो.

फराळाच्या दिवसांत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण शौचातून रक्त पडणे, आठवडेच्या आठवडे जुलाब होणे, वजन उतरणे या गोष्टी घरात मोकळेपणाने बोलता यायला हव्यात. काढ्याला नाही म्हणू नका हवे तर; पण डॉक्टरांना आधी विचारा.