कोचीहून लक्षद्वीप: जहाजावरचे पाच दिवस

क्रूझ म्हटले की आपल्या घरांत भुवया उंचावतात. दारू, जुगार आणि रात्रभर चालणारी नाचगाणी एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. त्यामुळे निवृत्तीनंतर माझ्या मित्राने आणि मी जहाजाच्या सफरीला जायचे ठरवले, तेव्हा दोन्ही घरांतून पहिला प्रश्न आला, "या वयात हे काय?"

पण ही सफर तशी नव्हती. लक्षद्वीपच्या सरकारी पर्यटन खात्याची 'समुद्रम' नावाची पाच दिवसांची सहल आहे. एम. व्ही. कवरत्ती हे जहाज कोचीहून निघते आणि कवरत्ती, कल्पेनी व मिनिकॉय ही तीन बेटे दाखवून परत आणते. दिवस बेटावर, रात्र जहाजावर. जहाजावर बार नाही, जुगाराचे टेबल नाही. जेवण साधे, केरळी पद्धतीचे. शिवाय जिथे जायचे तो मुलूखही आपल्याला परका नाही. 2011 च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपची लोकसंख्या 64,473 असून त्यात 96 टक्क्यांहून अधिक मुस्लिम आहेत.

मी कोकणातला, मित्र बीडचा. आम्ही एकाच शाळेत शिकवले. आमच्याकडे समुद्रप्रवासाचे कौतुक नाही. मुंबईहून जेद्दाला हाजींची जहाजे 1995 पर्यंत जात होती आणि त्यांच्या गोष्टी ऐकत आमची पिढी वाढली. मित्राने मात्र खोल समुद्र प्रथमच पाहिला. पहिल्याच रात्री त्याला बोट लागली. उभे राहिले की चक्कर येई, म्हणून इशाची नमाज त्याने बसून अदा केली.

जहाजावरच्या नमाजचाही एक अनुभव असतो. आम्ही दोघेही मुसाफिर, म्हणून चार रकातींच्या जागी दोन. मी शाफई असल्यामुळे जोहर आणि असर एकत्र करत असे. तो हनफी, प्रत्येक नमाज तिच्या वेळेवरच. किब्ल्याची दिशा जहाजावरचे कर्मचारी सांगत. नमाज सुरू असताना जहाज वळले तर आपणही वळायचे. बेटांवरचे लोक शाफई आहेत हे कळल्यावर मित्र हसून म्हणाला, "म्हणजे इथेही मीच पाहुणा!"

बेटांभोवती प्रवाळाचे कडे असते. मोठे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि लहान बोटी प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात. कड्याच्या आतले पाणी इतके नितळ की तळाची वाळू आणि मासे वरूनच दिसतात. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहता येते. प्रवाळ जिवंत असते, त्यावर पाय ठेवला तर मोडते, हे तिथे आधीच बजावून सांगतात.

कवरत्ती ही लक्षद्वीपची राजधानी. तिथल्या उज्रा मशिदीच्या लाकडी छतावर अप्रतिम कोरीव काम आहे. आम्ही तिथे दोन रकात नफल पढलो. पण मित्राचे पाय खिळले ते पाण्याच्या प्रकल्पाजवळ. बेटाच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की तो खारट होतो. म्हणून 2005 साली इथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प उभा राहिला. वरच्या कोमट पाण्याची निर्वात टाकीत वाफ करतात आणि सुमारे 350 मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ गार करतात. रोज एक लाख लिटर गोडे पाणी मिळेल, अशी त्याची क्षमता आहे. टँकरची वाट पाहत वाढलेला माझा मित्र बराच वेळ तिथून हलला नाही.

दुसरे बेट कल्पेनी. 1847 च्या वादळाने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या प्रवाळखडकांचा बांध आजही दिसतो. लक्षद्वीपमध्ये मुली प्रथम शाळेत गेल्या त्या याच बेटावर, असे तिथे अभिमानाने सांगतात. नारळाचे पाणी देणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला घरांची पद्धत समजावली. जुनी वडिलोपार्जित मालमत्ता आईच्या वंशाकडून चालत येते. तिला 'शुक्रवारची मालमत्ता' म्हणतात. माणसाने स्वतः कमावलेली ती 'सोमवारची मालमत्ता', तिची वाटणी शरीअतप्रमाणे होते. जुन्या रिवाजात नवराही आपल्या आईच्या घरी राहून रात्री बायकोच्या घरी येई. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी 1969 साली 'मॅट्रिलिनी अँड इस्लाम' या पुस्तकात याच समाजाविषयी लिहिले आहे.

मित्राने विचारले, "मग मुलीला हिस्सा मागावा लागत नाही?"

वृद्ध गृहस्थ म्हणाले, "घरच तिचे. मागणार कोणाकडे?"

मिनिकॉय सर्वांत दक्षिणेचे. इथली भाषा महल, लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी. 1885 च्या दीपस्तंभावरून नारळाचे दाट रान आणि निळे पाणी दिसते. गळाने एकेक करून ट्यूना पकडायचा, उकडायचा, धुरी द्यायची आणि उन्हात वाळवायचा, ही इथली जुनी रीत. अनेक पुरुष दूरच्या जहाजांवर नोकरीला असतात, म्हणून घरांचा कारभार बायकांच्या हाती असतो.

त्या रात्री डेकवर मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बहिणीच्या हक्कसोड पत्राचे कागद घरी तयार आहेत. फक्त तिची सही बाकी आहे."

बेटांवरचा रिवाज तिथला आहे. तो आपण उचलावा असे मी म्हणत नाही. पण सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा स्पष्ट नेमून दिला आहे आणि आपल्या कितीतरी घरांत तोही एका सहीने काढून घेतला जातो. वर आपण म्हणतो, "बहिणीने खुशीने सोडला." ती खुशी की माहेर तुटण्याची भीती, हे कोणी विचारत नाही. कोचीला उतरल्यावर मित्राने थोरल्या भावाला फोन करून सही थांबवायला सांगितले. भाऊ रागावला. ते प्रकरण अजून मिटलेले नाही, पण कागद तसाच कोरा आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, त्यामुळे तयारी काही आठवडे आधी सुरू करावी. पावसाळ्यात ही सहल बंद असते. बोट लागण्याचे औषध, जानमाज आणि सैल सुती कपडे बरोबर घ्यावेत. प्लास्टिक बेटावर टाकू नये. आणि एखाद्या जुन्या मित्राला सोबत न्यावे. घरी जे बोलणे वर्षानुवर्षे राहून जाते, त्याला समुद्रावर वेळ मिळतो.