हरलेल्याचं पुढं काय झालं?

मार्च २०२५. मिरजेतल्या एका दवाखान्यात आण्णांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. रात्री त्यांना झोप लागत नव्हती आणि खाली चटईवर मलाही लागत नव्हती. मोबाईल चाळता चाळता जॉर्ज फोरमन गेल्याची बातमी दिसली. वय ७६.

खरं सांगायचं तर फोरमन माझ्यासाठी एवढाच होता : १९७४ साली मोहम्मद अलीनं ज्याला पाडलं, तो. अलीचं नाव कुणाला माहीत नसतं? स्पर्धा परीक्षेच्या चालू घडामोडींतही अली येऊन गेला होता. फोरमन कधी आला नाही. सहज म्हणून मी यूट्यूबवर ती जुनी लढत लावली.

"काय बघतुयास?" पलंगावरून आण्णांचा आवाज आला.

"बॉक्सिंग. मोहम्मद अलीची जुनी मॅच."

"दाव की मला बी."

मी पलंगाला टेकून मोबाईल धरला. आण्णा तरुणपणी कुस्ती खेळलेले. बॉक्सिंगचे नियम त्यांना ठाऊक नव्हते, पण दोन माणसं समोरासमोर आली की काय चाललंय ते त्यांना बरोबर कळतं. अली दोरांना पाठ टेकून उभा होता आणि फोरमन त्याच्या हातांवर, बरगड्यांवर ठोसे हाणत होता. मला वाटलं, फोरमन जिंकतोय. आण्णा म्हणाले, "ह्यो दमतोय बघ. ताकद लई हाय, पर समोरचा त्येला मुद्दाम मारायला लावतोय."

आठव्या फेरीत फोरमन गोल फिरत खाली आला. मी व्हिडिओ बंद करणार तेवढ्यात आण्णांनी विचारलं, "त्या हरलेल्या गड्याचं फुडं काय झालं?"

मला सांगता येईना. आणि हा प्रश्न आण्णांनी विचारावा, हेही मला जरा लागलं.

कारण आमच्या घरात एका हरलेल्या कुस्तीची गोष्ट कायम असते. १९८३ साली आमच्याच गावच्या यात्रेत, आपल्याच माणसांसमोर, आण्णा हरले. तेव्हा ते २२ वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी लांग कसली नाही. साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागले, तिथूनच निवृत्त झाले. यात्रेच्या दिवशी मैदान सुरू झालं की ते शेतात निघून जायचे. हरण्याची तीन कारणं मी लहानपणापासून ऐकत आलो. आदल्या संध्याकाळी पाऊस पडून माती ओली झाली होती. समोरच्यानं अंगाला तेल लावलं होतं. आणि एक खांदा वर असतानाच पंचानं चितपट दिली.

माझ्याकडेही कारणं होती. पुण्यात सहा वर्षं राहून पाच वेळा परीक्षा दिली. एकदा केंद्र लांब होतं, एकदा ताप होता, एकदा पेपरच विचित्र निघाला. पाचव्यांदा नाव आलं नाही, तेव्हा वय ३१ झालं होतं. आण्णांचं ऑपरेशन ठरलं आणि मला घरी यायला एक सांगण्यासारखं निमित्त मिळालं.

दुसऱ्या दिवशी दुपारभर मी फोरमनबद्दल वाचत बसलो. मग रोज रात्री आण्णांना थोडं थोडं सांगायला लागलो. त्यांना पोथी ऐकल्यासारखं ऐकायची सवय आहे. मधेच प्रश्न विचारायचे, मग पुढं सरकायचं.

फोरमनचा जन्म १९४९ सालचा, अमेरिकेत टेक्सासमधल्या मार्शल गावचा. वाढला ह्यूस्टन शहरातल्या फिफ्थ वॉर्ड नावाच्या गरीब काळ्या वस्तीत. घरात सात भावंडं, आई कष्ट करणारी, आणि भूक कायमची. शाळेत जाताना तेलाचे डाग पडलेली कागदी पिशवी फुगवून न्यायचा. आपण डबा आणलाय, असं पोरांना वाटावं म्हणून. हे त्यानं स्वतःच पुढं सांगितलं.

आण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमी फडक्यात नुसता कांदा बांधून न्ह्यायचो. गाठ मातूर मोठी मारायची."

शाळा सुटली, मारामाऱ्या आणि लुटालूट सुरू झाली. मग १९६५ च्या सुमारास तो 'जॉब कोअर'मध्ये गेला. गरीब पोरांना राहायला-खायला देऊन काम शिकवणारी ती सरकारी योजना होती. तिथंच डॉक ब्रॉडस नावाच्या माणसानं त्याच्या हाताला बॉक्सिंगचे ग्लोव्हज चढवले.

"वस्ताद भेटला म्हन की," आण्णा म्हणाले.

१९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये हा पोरगा हेवीवेट गटाचं सुवर्णपदक घेऊन गेला. त्याच स्पर्धेत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या दोन काळ्या धावपटूंनी पदक घेताना निषेधाची मूठ उंचावली होती. त्यानंतर दहा दिवसांनी फोरमननं रिंगमध्ये अमेरिकेचा छोटा झेंडा फडकवला. त्यावरून त्याच्याच लोकांतले पुष्कळजण त्याच्यावर चिडले. १९ वर्षांच्या पोराला आपल्या हातातल्या झेंड्याचा लोक काय अर्थ लावतील, याचा अंदाज नव्हता.

२२ जानेवारी १९७३ ला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये त्यानं जगज्जेत्या जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. हा तोच फ्रेझर, ज्यानं दोनच वर्षांपूर्वी अलीला हरवलं होतं. किन्शासाला जाईपर्यंत फोरमन ४० लढती लढला होता आणि सगळ्या जिंकला होता. त्यातल्या ३७ जणांना त्यानं शेवटच्या घंटेपर्यंत टिकूच दिलं नव्हतं.

मग झाईर, म्हणजे आजचं काँगो. हुकूमशहा मोबुटूनं दोघांना प्रत्येकी ५० लाख डॉलर कबूल केले होते. फोरमन विमानातून उतरला तो आपला अल्सेशियन कुत्रा घेऊन. बेल्जियमच्या राजवटीत पोलिसांची तसलीच कुत्री लोकांच्या अंगावर यायची. लोक पहिल्या दिवसापासून अलीचे झाले. ३० ऑक्टोबर १९७४ च्या पहाटे लढत झाली, कारण अमेरिकेतल्या प्रेक्षकांची सोय त्या वेळेला होती. पुढचं आम्ही दोघांनी मोबाईलवर पाहिलंच होतं.

"हरल्यावर काय म्हनला त्यो?" आण्णांनी विचारलं.

मी वाचलेलं सांगितलं. रिंगचे दोर सैल होते. पंचानं आकडे भराभर मोजले. प्यायच्या पाण्यात कुणीतरी काहीतरी मिसळलं होतं.

खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. दोघांच्याही मनात काय आलं असेल, ते बोलायची गरज नव्हती. आण्णांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्या रात्री गोष्ट तिथंच थांबली.

दुसऱ्या रात्री त्यांनीच विषय काढला. मी सांगितलं, की पुढच्याच वर्षी टोरांटोत फोरमन एकाच संध्याकाळी ओळीनं पाच जणांशी लढला. आपण संपलो नाही, हे दाखवायला. अली रिंगच्या बाजूला बसून त्याची टर उडवत होता. आण्णा हसले. "इरंला पेटल्यावर आसंच हुतंय."

१९७७ च्या मार्चमध्ये पोर्तो रिकोत तो जिमी यंगकडून गुणांवर हरला. त्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत त्याला काहीतरी झालं. उष्म्यानं शरीर कोलमडलं असंही म्हणता येईल. त्याच्या सांगण्यानुसार आपण मेलो असंच त्याला वाटलं आणि त्या अंधारातून देवानं परत आणलं. वय होतं २८. त्यानं बॉक्सिंग सोडलं आणि ह्यूस्टनच्या रस्त्यांवर उभं राहून प्रवचनं द्यायला लागला. पुढं स्वतःचं छोटं चर्च काढलं. १९८४ मध्ये पोरांसाठी एक केंद्र सुरू केलं, व्यायाम आणि खेळाचं. पैसे संपत आले. देणग्या मागत फिरणं जमेना. पैसे मिळवायची एकच विद्या त्याच्याकडे होती.

१९८७ मध्ये, दहा वर्षांच्या खंडानंतर, ३८ व्या वर्षी तो परत रिंगमध्ये उतरला. डोक्याचे केस गेलेले, वजन १२० किलोच्या आसपास. लोक हसले. पूर्वीचा फोरमन कुणाशी धड बोलत नसे, हा मात्र स्वतःच्या पोटावर आणि चीजबर्गरवर स्वतःच विनोद करायचा. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात बॉक्सर स्टुलावर बसतात. हा बसायचा नाही, उभा राहायचा. १९९१ मध्ये ४२ व्या वर्षी इव्हॅन्डर होलीफिल्डसमोर सगळ्या १२ फेऱ्या टिकला. हरला, पण या वेळी दोर, पाणी, मोजणी यांतलं काहीच निघालं नाही.

मग ५ नोव्हेंबर १९९४, लास वेगास. समोर मायकेल मूरर, वय २६, एकही लढत न हरलेला. फोरमन ४५ वर्षांचा. किन्शासात घातलेली लाल चड्डीच त्यानं घातली होती. त्याच्या कोपऱ्यात उभा होता अँजेलो डंडी, जो २० वर्षांपूर्वी अलीच्या कोपऱ्यात होता. नऊ फेऱ्या तो मार खात होता, तिन्ही पंचांच्या हिशेबात मागे होता. दहाव्या फेरीत डावा आणि लगेच उजवा ठोसा हनुवटीवर बसला, आणि मूरर उठला नाही. हेवीवेटमध्ये इतक्या वयाचा जगज्जेता त्याआधी कुणी झाला नव्हता. फोरमन कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसला.

"गुडघ्यावं बसाय येत हुतं म्हनजे त्याला," आण्णा आपल्या पट्टीकडे बघत म्हणाले.

त्याच सुमारास त्याच्या नावाचा विजेवरचा ग्रिल बाजारात आला. तिरका, म्हणजे मांस भाजताना चरबी ओघळून पुढच्या तबकात जाते. तो इतका खपला, की १९९९ मध्ये कंपनीनं नाव कायमचं वापरायला सुमारे १३ कोटी ७५ लाख डॉलर मोजले. रिंगमध्ये त्यानं एवढं कधी मिळवलं नव्हतं. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीला मी फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, जॉर्ज फोरमन हा माणूस आहे? मला ते मशिनचंच नाव वाटायचं." आपल्या पाचही मुलांची नावं त्यानं जॉर्जच ठेवली, हे ऐकून आण्णा पलंग हलेपर्यंत हसले.

इथपर्यंत आल्यावर याची छान रील होते. खाली संगीत, वर 'हार मानू नका'. पुण्यात असताना अशा शेकडो रील मी बघितल्यात. प्रत्येक नापासानंतर जरा जास्तच. म्हणून हेही सांगतो : जो फ्रेझर उतारवयात फिलाडेल्फियात स्वतःच्या जिमच्या वरच्या खोलीत राहत होता. जो लुई इतकी वर्षं जगज्जेता होता, तरी कराच्या थकबाकीनं पिचला आणि शेवटी लास वेगासच्या कॅसिनोत पाहुण्यांचं स्वागत करायचा. सनी लिस्टन त्याच शहरात आपल्या घरी मेलेला सापडला, तेव्हा मरून बरेच दिवस झाले होते. अलीला पार्किन्सन झाला. १९९७ मध्ये किन्शासाच्या लढतीवरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं, तेव्हा थरथरत्या अलीला मंचाच्या पायऱ्या चढायला फोरमननं हात दिला. सगळ्या हरलेल्यांचं पुढं चांगलं होतं असं काही नाही. जिंकलेल्यांचंही होत नाही.

मला त्याच्या आयुष्यातलं एक वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. ते मी आण्णांना शेवटी सांगितलं. पुढं पुढं फोरमन मुलाखतींतून सरळ कबूल करायला लागला, की किन्शासात दोर, पाणी काही नव्हतं. अलीनं मला हरवलं.

आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं, डोळा लागला. मग अंधारातच म्हणाले, "माती चांगली हुती त्या दिवशी."

मी उठून बसलो.

"पाठ बी लागली हुती. दोन्ही खांदं. मला कळलं हुतं की. लोकांच्या आधी मलाच कळलं हुतं."

"मग सोडली कशाला कुस्ती?"

"लाजंनं. फुडच्या वर्षी उतारलो आसतो, तर लई तर काय, आनि एकदा पडलो आसतो."

त्या रात्री मीही सांगितलं. तिसऱ्या प्रयत्नातच मला कळलं होतं, की हे आपल्याच्यानं होत नाही आणि खरं तर हे करावंसंही वाटत नाही. पुढचे दोन प्रयत्न मी अभ्यासिकेत जाऊन बसत होतो, एवढंच. परत आलो तर गावात काय तोंड दाखवायचं, म्हणून राहिलो. आण्णांनी लाजेनं सोडलं आणि मी लाजेनं धरून ठेवलं.

फोरमननं सोडलंही आणि परत धरलंही. पण परत आला तेव्हा कुणाला काही दाखवून द्यायला आला नव्हता. पोरांचं केंद्र बंद पडू नये म्हणून आला होता. त्यामुळेच कदाचित त्याला मार खाताना हसता येत होतं.

"मग आता काय करनार?" आण्णांनी विचारलं.

"माहीत नाही."

"त्यानं धा वर्सं काय केलं?"

"प्रवचन."

"त्ये तुला जमायचं न्हाई," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

सहावा फॉर्म मी भरला नाही. माझी पदवी शेतीची आहे. आता तासगावात एका कृषी सेवा केंद्रात काम करतो. द्राक्षाच्या बागांवरची कीड बघायला शेतकऱ्यांबरोबर फिरतो. पगार फार नाही. गावात दोघा-तिघांनी विचारलं, "झालं काय परीक्षेचं?" मी म्हटलं, "नापास झालो." त्यावर पुढं विचारण्यासारखं त्यांच्याकडे काही उरत नाही, हे मला आधी माहीत नव्हतं.

आण्णा आता काठी घेऊन देवळापर्यंत जातात. परवा संध्याकाळी म्हणाले, ती आफ्रिकेतली मॅच परत लाव. मी विचारलं, "मूररची लावू का? त्यात जिंकतो तो." नको म्हणाले. हीच बघायची. फोरमन पडला तिथं त्यांनी थांबवायला लावलं, जरा मागं न्यायला लावलं, परत बघितलं. पंचाची मोजणी संपत असताना फोरमन गुडघ्यावर हात ठेवून उभा राहतोय, तेवढ्यात पंच हात हलवून लढत संपवतो.

"उठतच हुता की ह्यो," आण्णा म्हणाले.