कवडशांतील रजःकण

येत्या २८ फेब्रुवारीस राष्ट्रीय विज्ञान दिन आहे. १९२८ सालीं याच दिवशीं रामन् यांस प्रकाशाच्या विकिरणाचा तो सुप्रसिद्ध परिणाम आढळला. १९८७ पासून हा दिवस देशभर पाळतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांचीं दारें त्या सुमारास सर्वांस खुलीं होतात, व्याख्यानेंही होतात. आमच्या नातीनें यंदां ‘नॅनो’ तंत्रावरील व्याख्यानास आम्हांस नेण्याचें ठरविलें आहे. मात्र तिची एक अट आहे: “आजोबा, तिथें उठून तुम्ही कणादांचें सांगायचें नाहीं.”

अट ऐकून आम्हांस प्रथम रागच आला. डाल्टनच्या कित्येक शतकें आधीं आमच्या वैशेषिकांनीं परमाणु ओळखला होता, असें आम्ही तीस वर्षें वर्गांत सांगत आलों. झरोक्यांतून येणाऱ्या कवडशांत नाचतो तो त्रसरेणु; त्याचा सहावा अंश तो परमाणु. मुलें माना डोलावीत आणि आम्ही सुखावत असूं.

नातीनें वाद घातला नाहीं. कागदावर गणित मांडलें. मीटरचा अब्जांश तो नॅनोमीटर. मनुष्याचा केस सुमारें ८० हजार ते १ लक्ष नॅनोमीटर जाड. कवडशांतील धूलिकण झाला तरी कांहीं हजार नॅनोमीटरांचा. आणि अणु एका नॅनोमीटरचे अवघे कांहीं दशांश! “सहानें भागून कसें भागेल, आजोबा?” आम्ही निरुत्तर झालों. इतकीं वर्षें मुलांना जें ठासून सांगितलें, तें आम्हीं स्वतः एकदांही मोजून पाहिलें नव्हतें.

पुढें तिनें जें सांगितलें, त्यानें तर झोंपच उडाली. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत तरंगत ठेवले, तर पाणी पिवळें न दिसतां माणकासारखें लाल दिसतें. फॅरडेनें १८५७ सालीं यावर प्रयोग केले होते. कांहीं स्फटिककण तर असे कीं, द्रव्य तेंच, पण कण लहान केला तर निळा प्रकाश देतो, मोठा केला तर तांबडा. याच कणांच्या शोधाबद्दल २०२३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक एकिमॉव्ह, ब्रूस व बावेंडी यांस मिळालें. कारणाचे गुण कार्यांत उतरतात, हा तर वैशेषिकांचा सिद्धांत. मग द्रव्य तेंच असतां नुसत्या आकारानें रंग कां पालटावा?

द्रव्याचें विभाजन कोठें तरी थांबलेंच पाहिजे, हें केवळ अनुमानानें ताडणाऱ्या त्या प्राचीनांविषयींचा आमचा आदर तिळमात्र कमी झालेला नाहीं. परंतु मोजमापाचें श्रेय ज्यांनीं मोजलें त्यांचें. पूर्वजांच्या पुण्याईवर आम्हीं आपलें अज्ञान झांकीत बसावें, हें त्या तर्कनिष्ठांसही रुचलें नसतें.

नातीची अट आम्ही मान्य केली आहे. व्याख्यानाच्या शेवटीं आम्ही उठूं खरे. पण कांहीं सांगण्यासाठीं नव्हे, तर त्या लाल पाण्याविषयीं विचारण्यासाठीं.