काल जेवढी, आज तेवढीच

काडतुसं भरायला बसण्याआधी मी खोलीतला पंखा बंद करतो, खिडकी लावून घेतो आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून येतो. पंखा बंद करायचा तो तराजूसाठी. ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत वजन दाखवणारा हा काटा झुळकेनेही हलतो. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. सराफ पूर्वी सोनं ज्या गुंजेने तोलत, ती साधारण दोन ग्रेनांची. मी जो फरक पकडायला बसलेलो असतो तो गुंजेच्या विसाव्या हिश्श्याएवढा. फोन लांब ठेवण्याचं कारण जास्त गंभीर आहे. लक्ष उडालं तर एखाद्या पुंगळीत दारू पडायची राहून जाते, किंवा भलत्याच डब्यातली पडते, आणि ती चूक डोळ्यावर किंवा जिवावर बेतते. म्हणून माझ्या टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असतो.

मी मूळचा देवासचा. बरीच वर्षं कोलोरॅडोत राहतो. इथून दक्षिणेला, न्यू मेक्सिकोची हद्द ओलांडली की रॅटन गावाजवळ व्हिटिंग्टन सेंटर नावाचं नेमबाजीचं विस्तीर्ण मैदान आहे. तिथे हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, मी कागदी लक्ष्यावर नेम धरतो. बंदूक साधी शिकारीची रायफल आहे, थर्टी-ऑट-सिक्स. हे काडतूस अमेरिकी सैन्याने १९०६ साली स्वीकारलं आणि अजून ते शिकाऱ्यांच्या हातात आहे. शेजारच्या जागेवर लोक जाड नळीच्या, खास स्पर्धेसाठी घडवलेल्या रायफली घेऊन आडवे होतात. माझ्या रायफलीची नळी बारीक, खांद्यावर टाकून डोंगर चढता यावा अशी. तीन-चार बार झाले की ती तापते, आणि तापलेली नळी गोळी हळूहळू दुसरीकडे टाकू लागते. मग थांबायचं, वही काढायची, वारा बघत बसायचं. या सक्तीच्या थांबण्याने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नाही.

हा नाद बाहेरून बघणाऱ्याला डोळ्याचा आणि हाताचा वाटतो. श्वास, चाप ओढणं, दस्ता खांद्याशी बसवणं हे सगळं लागतंच, पण तीनशे यार्डांच्या पुढे गेलं की निकाल बराचसा टेबलावर लागलेला असतो. हजार यार्ड कापायला गोळीला दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. रायफल शंभर यार्डांवर जुळवलेली असेल, तर तेवढ्या अंतरात गोळी आठ-नऊ मीटर खाली आलेली असते. ही घसरण ठाऊक असली की दुर्बिणीचे आकडे फिरवून ती भरून काढता येते. भरून काढता येत नाही तो एका गोळीत आणि दुसरीत पडणारा फरक. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला ३ मीटरचं अंतर पडलं, तर हजार यार्डांवर त्या वरखाली सात-आठ सेंटिमीटरने फाकतात. इथल्या लक्ष्याचं दहा गुणांचं वर्तुळ २० इंचांचं आणि आतलं एक्सचं १० इंचांचं. दारू निष्काळजीपणे मोजणारा माणूस निम्मं वर्तुळ घरीच गमावून येतो.

माझे वडील देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये होते. १९७४ साली हा छापखाना सुरू झाला आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांचा दिनक्रम त्याच्या भोंग्यावर चालू लागला. तिथली शाईसुद्धा तिथेच तयार होते. छपाईचं सौंदर्य वगैरे वडील कधी बोलले नाहीत. शंभरावी नोट पहिलीसारखी आली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि जी तशी येत नाही ती कितीही देखणी असली तरी बाद. टेबलाशी बसल्यावर मी त्याच घरातला मुलगा असतो.

उडालेली पुंगळी आधी आतबाहेर स्वच्छ करायची. स्फोटाच्या दाबाने ती नळीच्या घरट्याएवढी फुगलेली असते. साच्यातून दाबून तिला पुन्हा मापात आणायची, पण हवी तेवढीच. फार दाबली तर पितळ लवकर थकतं. पितळेत सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. ते पुनःपुन्हा ताणलं-दाबलं की कडक होतं आणि मानेशी तडकतं. त्यासाठी काही फेऱ्यांनंतर नुसती मान ज्योतीवर फिरवून नरम करायची. बूड मात्र तापू द्यायचं नाही, सगळा दाब तेच सोसतं. मग लांबी तपासायची, वाढलेली असेल तर छाटायची. दारू पेटवणारी टोपी मी यंत्राने न बसवता हाताच्या चिमट्याने बसवतो. ती तळाला टेकल्याचं बोटांना कळतं. एखादी फारच सहज आत गेली, तर त्या पुंगळीचं बूड सैल झालं असं समजून मी ती मोडीत टाकतो. नवा माणूस अशा वेळी हळहळतो. मला ते टाकण्यात समाधान वाटतं.

दारू ओतायची आणि गोळी बसवायची, हे दिसायला मुख्य काम. खरं तर तोवर बहुतेक सगळं ठरून गेलेलं असतं. गोळी किती खोल बसवायची याचं माप मी टोकापासून घेत नाही, कारण एकाच डब्यातल्या गोळ्यांची टोकं कमीजास्त असतात. नळीच्या आट्यांना गोळीची जी गोलाई प्रथम टेकते तिथून माप घेतो. दारूचं प्रमाण नेहमी छापील कोष्टकातल्या किमान आकड्यापासून सुरू करायचं आणि कणाकणाने वर जायचं. टोपी चपटी दिसू लागली किंवा बोल्ट उचलायला जड गेला की तिथून मागे फिरायचं. सगळ्यात वेगवान भरण सगळ्यात अचूक असतं असं मला कधी आढळलेलं नाही. वेग मोजण्याचं यंत्र आता खिशात मावतं. त्यावर उमटणारा सर्वांत मोठा आकडा लोक कौतुकाने दाखवतात. मी दोन टोकांच्या आकड्यांमधलं अंतर बघतो.

उन्हाचाही हिशेब असतो. दारू तापली की झपाट्याने जळते आणि वेग वाढतो, म्हणून काडतूस तापलेल्या नळीत घालून वारा बदलण्याची वाट बघत बसू नये. माझी दारू तापमानाला कमी दाद देणारी आहे, ऑस्ट्रेलियात मुलवाला इथे बनणारी. तरीही मी काडतुसांची पेटी सावलीत ठेवतो. वाऱ्यासाठी मात्र कसलंही कोष्टक पुरत नाही. ताशी आठ किलोमीटरची आडवी झुळूक, जी गालाला जेमतेम कळते, ती हजार यार्डांवर गोळीला पाऊण-एक मीटर बाजूला नेते. तिथे मृगजळ कामाला येतं. दुर्बिणीतून लक्ष्याच्या थोडं अलीकडे नजर स्थिर केली की जमिनीवरची थरथर ज्या बाजूला वाहते तो वारा. ती सरळ वर उकळताना दिसली तर वारा पडलाय किंवा तोंडावर-पाठीवर आहे. माळव्यात वाढलेल्याला हे वाचन लवकर जमतं. चैत्र-वैशाखात देवास-उज्जैन रस्त्यावर दुसरं काय बघितलं आम्ही? फक्त रॅटनची हवा विरळ आहे, उंची दोन हजार मीटरच्या आसपास. देवास साडेपाचशेच्या जवळपास. इथे जुळवलेले आकडे तिथे लावले तर गोळी खालीच पडेल.

एकेक बार हाताने भरून लांबचा नेम साधणं जुनंच आहे. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयरिश आणि अमेरिकी संघांचा ८००, ९०० आणि १००० यार्डांवर सामना झाला. अमेरिकी संघाकडे मागून भरायच्या रायफली, आयरिश संघाकडे ठासणीच्या. शेवटच्या गोळीवर अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली. हरलेल्या संघात बंदुका घडवणारे जॉन रिग्बी स्वतः होते. पुढे त्याच रिग्बींच्या घराण्याच्या रायफली हिंदुस्थानातल्या संस्थानिकांच्या शस्त्रागारांत आल्या. मला त्या सामन्यात हरणाऱ्यांचं काम जास्त भावतं. हजार यार्डांवर ठासणीच्या बंदुकीने तीन गुणांनी मागे राहणं म्हणजे प्रत्येक वेळी दारू, गोळी आणि गजाचा दाब किती सारखा राखला असेल!

ठासणीची बंदूक मी धारला मामांकडे पाहिली. पिकाच्या राखणीसाठी परवाना होता. मामा शिंगातून दारू मापात घ्यायचे, मापावर बोट फिरवून ती सपाट करायचे, नळीत सोडून चिंधी ठासायचे, छर्रे, वर पुन्हा चिंधी, शेवटी टोपी. रानडुकरं शेतातून हुसकायला एवढ्या काटेकोरपणाची गरज नव्हती. मी तसं म्हणालो, तर ते म्हणाले, “अरे बाळ, दारू काल जेवढी, आज तेवढीच. मग बंदूक कधी दगा देत नाही.” गज आत गेल्यावर तो किती बाहेर उरतो ते बघायला त्यांनी त्यावर कानशीने एक खूण केली होती. आज मी पुंगळीत गोळीची खोली मोजतो ते वेगळं काय आहे?

शिकारीच्या गोष्टी दोन्ही गावांत भरपूर. पवारांची धार आणि पवारांचीच थोरल्या-धाकट्या पातीची देवास, घरोघरी कुणाच्या तरी आजोबांनी चित्ता नाहीतर काळवीट पाडलेलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संपलं आणि संपलं ते उत्तम झालं, असं मला मनापासून वाटतं. धार जिल्ह्यात सरदारपूरला तणमोरासाठी १९८३ साली अभयारण्य करावं लागलं. पावसाळ्यात माजावर आलेला हा पक्षी गवतातून उंच उड्या मारतो, आणि नेमक्या त्या उडीवर त्याला टिपत. हजार यार्डांवर जनावरावर बार टाकणारे इथे अमेरिकेतही आहेत. दीड सेकंदात जनावर एक पाऊल टाकतं आणि जखमी होऊन निघून जातं. कागदाला तेवढी इजा होत नाही, एवढं कारण मला पुरेसं आहे.

भारतात हे हाताने भरण्याचं काम कुणालाही घरी बसून करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. सैनिकी मापाची थ्री-नॉट-थ्री सामान्यांना वर्ज्य, म्हणून इशापूरच्या कारखान्याने .३१५ची रायफल काढली. काडतुसं यायची पुण्याजवळच्या खडकीहून. १८६९ पासूनचा तो कारखाना, बुडावर ‘के. एफ.’ अक्षरं. पेटीत जे मिळेल त्यावर भागवायचं. माझी खात्री आहे की धार आणि देवास यांच्यामधल्या महूला, जिथे सैन्याचं मार्क्समनशिप युनिट १९९३ पासून आहे, तशा ठिकाणी परवानाधारक देखरेखीखाली नागरिकांसाठी भरणीची एक खोली निघाली, तर माळव्यातून लांब पल्ल्याचे नेमबाज निघतील.

तोवर आपले लोक एकसारखेपणा निवडून मिळवतात. पन्नास मीटरच्या .२२ रायफलीचं काडतूस हाताने भरता येत नाही, कारण पेट घेणारा मसाला बुडाच्या काठात कारखान्यातच बसवलेला असतो. मग मोठे नेमबाज रायफल शिकंज्यात पक्की करून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून बघतात आणि ज्याचा पुंजका सर्वांत घट्ट तोच लॉट विकत घेतात. दहाचं वर्तुळ तिथे अवघं १०.४ मिलिमीटरचं. कोल्हापूरकडच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांचं कांस्यपदक घेतलं. आदल्या वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत त्याच्यासोबत सांघिक सुवर्ण जिंकणारा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर धारला लागून असलेल्या खरगोन जिल्ह्यातला. देवास-कोल्हापूर नातं तसं जुनं आहे. थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर गेले. माळव्या-निमाडातला आणि कोल्हापूरचा मुलगा एका संघात बघून माझ्या घरी त्या दिवशी शिरा झाला.

माझी भाची देवासला दहा मीटरची एअर रायफल शिकते. तिचे छर्रे ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटरचे मिळतात. कुठले घेऊ, असं तिने विचारलं. मी कुठलंच सांगितलं नाही. रायफल शिकंज्यात बांध, प्रत्येक मापाचे दहा-दहा झाड, कागद जपून ठेव आणि मागे डब्यावरचा लॉट क्रमांक लिही, एवढं कळवलं. परवा तिचे तीन कागद आले. ४.५० चा पुंजका घट्ट आहे, पण डब्याचा क्रमांक लिहायचा राहिलाय. तिला पुन्हा झाडायला सांगितलं आहे.