टोपाखालच्या वेण्या

कमरेपर्यंत केस असलेल्या मुलीला रंगमंचावर केशवपन केलेली विधवा करायची असते, तेव्हा ते केस लपवायला जागाच नसते. पेशवाई नायिकेचं सोपं. तिच्या खोप्यात, गंगावनात, गजऱ्यांत खालचा एखादा उंचवटा खपून जातो. विधवेच्या डोक्यावर पातळ बाल्ड कॅप आणि आलवणाचा पदर, एवढंच. त्यातही एका प्रवेशात पदर घसरणार असतो, आणि लेखकाने तो प्रवेश नेमका त्यासाठीच लिहिलेला असतो.

पुण्यात नाटकांची केशभूषा करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. टोप कितीही भारी असो, जाळीत एकेक केस गाठ मारून ओवलेला असो, तो शोभतो तो खालच्या वेण्यांच्या जिवावर. पण त्या वेण्यांसाठी वेळ मागितला की कपाळाला आठ्या पडतात. दिव्यांना वेळ मिळतो, ध्वनीला मिळतो. केसांचं मात्र 'पटकन अंबाडा बांधा आणि टोप चढवा.' माथ्यावर अंबाडा बांधून टोप चढवला की डोकं मागून उंच दिसतं, मान आखूड होते, आणि वाकून नमस्कार करताच टोप पुढे सरकतो.

मी केसांचे उभे पातळ भाग पाडते. कपाळाच्या कडेचे कोवळे केस वेणीत ओढत नाही, ते मऊ ब्रशने नुसते मागे बसवते. वेणी कपाळापासून मानेकडे, डोक्याला चिकटून जाते. दर वेढ्याला खालून थोडे नवे केस घ्यायचे आणि बोटं त्वचेपासून उचलायची नाहीत. बोटं उचलली की वेणी फुगते. टोपाला मधला भांग असेल तर त्या रेषेखाली वेणी येऊ देत नाही. खरी अडचण उरलेल्या शेपटांची. ती एकावर एक गुंडाळली की गाठोडं होतं. म्हणून डोक्याच्या मागच्या सपाट भागावर ती आडवी पसरते आणि सुईदोऱ्याने वेण्यांनाच टाके घालून बसवते. कानांच्या वर आणि मानेशी चपट्या वळ्या ठेवते. टोपाचे आकडे अडकायला तेवढा आधार लागतो. वरून जाळीची टोपी, मग टोप.

त्वचेलगत वेण्या घालण्याची कला आफ्रिकेत फार जुनी आहे. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ती अमेरिकेत गेली आणि तिथे टोपाखाली अशा वेण्या, म्हणजे कॉर्नरो, घालणं रोजचंच आहे. तिथल्या या कुरळ्या केसांची पकड उपजत असते. आपल्याकडचे सरळ, गुळगुळीत केस मात्र दुसऱ्या अंकापर्यंत सैल पडू लागतात, आणि मुली आदल्या रात्री आईच्या हातचं तेल चोपून येतात! मी सांगते, केस आदल्या दिवशी धुवा, तेल प्रयोगानंतर लावा. आज धुतलेले केसही निसटतात. बोटांना पाणी आणि किंचित जेल लावून, भाग बारीक पाडून काम भागतं.

"ताई, घट्टच घाला, सुटायला नको," असं जवळजवळ प्रत्येक मुलगी म्हणते. मी घट्ट घालत नाही. वेणी टिकते ती सारख्या ताणामुळे. भुवया वर ओढल्या गेल्या, कडेला बारीक पुटकुळ्या आल्या किंवा ठणका लागला, तर ती वेणी तिथेच सोडायची. सतत ओढ बसली की कानशिलाजवळचे केस विरळ होतात. वेळीच थांबलं तर ते परत येतात. वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मुळंच मरतात. दौऱ्यावरच्या नाटकात हा धोका रोजचा असतो.

नटीच्या केसांचा हा प्रश्न पूर्वी नव्हताच. १८८० मध्ये याच पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' झालं तेव्हा शकुंतला पुरुषच होता. बालगंधर्वांच्या ऐन भरातही नायिका पुरुषाच्या अंगावरच उभी राहिली. स्त्रिया रंगभूमीवर आल्या त्या स्वतःचे लांब केस घेऊन, आणि भूमिका मात्र कधी त्या केसांच्या उलट असते.

विधवेची भूमिका तर पूर्णच उलट, आणि तिच्यामागे खरा इतिहास आहे. १८९० मध्ये पंडिता रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं. तिथे शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला, तोही याच काळात. ज्या बाईच्या डोक्यावरून तिला न विचारता वस्तरा फिरला, तिची गोष्ट सांगताना नटीचा एक केसही तिच्या मनाविरुद्ध जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. एखादी स्वखुशीने मुंडन करते, तिचं मी कौतुक करते. पण 'भूमिकेसाठी एवढं करायलाच हवं' असं तिला दुसऱ्याने ऐकवलं, की मी मध्ये बोलते.

म्हणूनच टाके घालायला मी लाल दोरा वापरते. काळ्या केसांत काळा दोरा दिसत नाही, आणि रात्री बस खाली थांबलेली असताना घाईत कात्री चालवली की दोऱ्याबरोबर केसही जातात. लाल दोरा मंद दिव्यातही सापडतो. आधी सगळे टाके कापून मोजायचे, मग मानेकडून वर एकेक वेणी बोटांनी सोडायची. फणी सगळ्यात शेवटी. नव्या मदतनीस मुलीला मी वेणी घालायला नंतर शिकवते, सोडायला आधी.