हातांचे प्रायश्चित्त

पापाची कबुली ओठांनी देता येते. प्रायश्चित्त मात्र हातांनी करावे लागते. उपवासकाळाच्या प्रवचनांत आम्ही हे वारंवार सांगत आलो आहोत. तादानाओ मिकी या जपानी अभियंत्याचे जीवन वाचताना त्या शब्दांचे वजन आम्हांस जाणवले.

मिकी यांचा जन्म १९०९ सालचा. नौकाबांधणीचे शिक्षण घेऊन ते जपानी नौदलात तांत्रिक अधिकारी झाले व विमानांचे आराखडे करू लागले. १९४४ साली त्यांच्यापुढे भयंकर मागणी आली. ज्यातून वैमानिक परत येणारच नाही, असे विमान हवे होते. मिकींनी आधी विरोध केला. पुढे हुकूम पाळला. त्या विमानाचे नाव ‘ओका’, म्हणजे चेरीचा बहर. पुढच्या भागात १,२०० किलोंची स्फोटके. उतरण्यासाठी चाके नाहीत. कोवळे तरुण त्यात बसून मृत्यूकडे गेले.

युद्ध संपले, परंतु मिकींच्या अंतःकरणातील युद्ध संपेना. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. उपजीविकेचा विचार करताना त्यांना दिसले की, मोटारी बनवाव्यात तर त्यांतून रणगाडे निघतात, जहाजे बांधावीत तर युद्धनौका होतात. म्हणून त्यांनी रेल्वे निवडली. वारा कापणारा विमानाचा आकार त्यांनी आगगाडीस दिला. १९५७ साली त्यांच्या आराखड्यातील गाडी ताशी १४५ किलोमीटर वेगाने धावली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका मार्गावर शिंकान्सेन सुरू झाली. टक्कर होऊन वा रुळांवरून घसरून तिच्यातील एकही प्रवासी आजवर दगावलेला नाही.

त्याच शिंकान्सेनच्या धर्तीवर मुंबई-अहमदाबाद लोहमार्गाची पायाभरणी २०१७ साली झाली. ठाणे, विरार, बोईसर ही त्यावरील स्थानके. भूसंपादनावरून आपल्या भागात वाद झाले, ते निराळे. आम्हांस मात्र तो मार्ग पाहून मिकींचे स्मरण होते.

‘ओका’तून गेलेले तरुण परतले नाहीत. मिकींच्या कोणत्याही गाडीने ते ऋण फिटले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. २००५ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी, ते निवर्तले. ज्या विद्येने माणसे मृत्यूकडे धाडली, तीच विद्या माणसांना सुखरूप घरी पोहोचवण्यासाठी त्यांनी उरलेले आयुष्य वाहिली. वाचकहो, प्रभू येशू आपल्याही हातांतील कसब मागतो. ते कोठे वळवायचे, हे आपण ठरवायचे आहे.